आठव्या दिवसाची रस्मिय्या

ऐन झरीफमध्ये आठवडा आठ दिवसांचा असतो. शाळेत, टपाल कचेरीत आणि मशिदीत तो सातच दिवसांचा, त्याला कुणाची हरकत नाही. पण गावाखालच्या हौदावर गेलात की दिवस आठ. गावात घराणी आठ आणि झरा एक, म्हणून प्रत्येक घराण्याची पाण्याची पाळी आठव्या दिवशी. त्यामुळे इथल्या माणसाला कधी भेटायला येऊ असं विचारलं की तो आधी आकाशाकडे बघतो, मग ओठ हलवत बोटं मोजतो आणि सांगतो, बुधवारी या. नको, थांबा, बुधवारी बदावींची पाळी, पाट आमच्या अंगणाखालून वाहतो आणि बायको वैतागलेली असते, त्यापेक्षा शौलींच्या दिवशी या. परगावचा पाहुणा हमखास चुकीच्या दिवशी येतो आणि वैतागलेल्या बायकोच्या हातची कॉफी पिऊन परत जातो.

यातला आठवा दिवस झुरैक घराण्याचा, आणि झुरैक घराणं म्हणजे रस्मिय्या. बाकीच्या सात घराण्यांत प्रत्येकी शे-दीडशे माणसं, त्यात जावई, सुना, दत्तक, भांडून वेगळे झालेले आणि भांडून परत आलेले. झुरैकांत एकच माणूस. वय सहासष्ट, उंची बेताची, आवाज मात्र डोंगराच्या या कडेवरून त्या कडेवर जाईल असा. इथे बायकांना मुलाच्या नावाने ओळखतात. रुश्दीची आई ती उम्म रुश्दी, रुश्दीचा बाप तो अबू रुश्दी. रस्मिय्याला मूल नाही, कारण लग्नच नाही. म्हणून सगळं गाव तिला आठवी आत्या म्हणतं. तोंडावर म्हणतं, आणि तिला ते आवडतं.

झुरैक आधी असे एकटे नव्हते. रस्मिय्याच्या आजोबांच्या वेळी त्यांच्या घरात चाळीस माणसं जेवायला बसत आणि तीन भांडणं एका वेळी चालत. मग एक काका चिलीला गेला आणि तिथे कापडाच्या दुकानात शिरला. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. उरलेले कुवेतला गेले, काही अम्मानला. शेवटी उरला तिचा मोठा भाऊ निम्र. तो म्हणाला, दोन वर्षांत येतो. जाताना त्याने फावडं बहिणीच्या हातात दिलं आणि सांगितलं, पाळी चुकवू नकोस. त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. निम्रला सांतियागोत नातवंडं झाली, नातवंडांना अरबी येत नाही, आणि फावड्याचे सात दांडे बदलून झाले.

पाळी चुकवू नकोस, हे शब्द साधे नव्हते. हौदाचा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडायची कुणाची छाती नाही. पाळीच्या दिवशी पहाटे घराण्याचं माणूस हौदावर हजर पाहिजे. ओळीने तीन पाळ्या कुणी आलं नाही तर त्या घराण्याचा दिवस गेला, कायमचा. तीनची ही सवलत सगळं गाव वापरतं. रस्मिय्याने ती आपखुशीने स्वतःला कधी दिली नाही. त्यामुळे बावीस वर्षांची असल्यापासून ती गावाबाहेर सलग सात रात्रींपेक्षा जास्त राहिलेली नाही. हजला गेली नाही. चिलीला जायचा तर प्रश्नच नाही. निम्रने दोनदा तिकीट पाठवलं, तिने दोनदा त्याच पाकिटातून वाळवलेला झातर, डोंगरावरचा सुगंधी पाला, परत पाठवला.

आणि लग्नही त्याच हिशेबात बसलं नाही. दिसायला ती वाईट नव्हती, मागण्या तीन आल्या. पण बाई लग्न करून ज्या घरात जाते त्या घराच्या पाळीची होते. बदावींकडे दिली तर ती तिसऱ्या दिवसाची, हमदानांकडे दिली तर सातव्याची, आणि मग आठव्या दिवशी हौदावर कोण उभं राहणार? तिसरी मागणी हमदानांच्या थोरल्या मुलाची होती. तो उंच होता, गोरा होता, आणि तिच्या दारावरून दिवसातून सहा वेळा काहीही कारण नसताना जायचा. रस्मिय्याने त्याच्या आईला कॉफी दिली, वर मनुका दिल्या, आणि नाही म्हणून सांगितलं. त्या मुलाने पुढे दुसरीशी लग्न केलं, त्याला रुश्दी झाला, पोट झालं, आणि वयाच्या साठाव्या वर्षी तो ग्रामपरिषदेचा अध्यक्ष झाला. तोच हा अबू रुश्दी. चव्वेचाळीस वर्षांत त्याने आठव्या दिवशी रस्मिय्याकडे उरलेलं पाणी एकदाही मागितलं नाही. बाकीचं गाव मागायचं. तिच्या शेताच्या पंधरा पायऱ्या भिजल्या की दुपारच्या अजाननंतरचं पाणी ती ज्याला वाटेल त्याला देई, त्यामुळे आठवड्यातून एक दिवस सगळं गाव फार सभ्य असे. अबू रुश्दीचे टोमॅटो त्या दिवशी माना टाकून बसत, आणि अबू रुश्दी त्यांच्यापेक्षा ताठ बसे.

चव्वेचाळीस वर्षांत दोन हजारांवर पाळ्या झाल्या. त्यातल्या दोन तिने चुकवल्या, कंबरेचं हाड मोडलं तेव्हा. तिसऱ्या पाळीला डॉक्टर म्हणाला हलायचं नाही. तिने घराचं दार बिजागऱ्यांतून काढायला लावलं, त्यावर आडवी झाली आणि चार शौलींच्या खांद्यावरून हौदावर आली. चौघांना वाटेत ती सांगत होती की मेलेल्या माणसाला यापेक्षा हळू नेतात. एकदा संचारबंदी होती. पहाटे वळणावर एका सैनिकाने बंदूक आडवी धरून विचारलं, कुठे? ती म्हणाली, "पाण्याला. तुझी ड्युटी रोज असते, माझी आठ दिवसांनी." पोराने तिच्याकडे पाहिलं, फावड्याकडे पाहिलं आणि बंदूक बाजूला घेतली. बहुधा त्यालाही घरी अशी एक आत्या असावी.

हट्टामागे नुसता हट्ट नव्हता. झुरैकांच्या पंधरा पायऱ्या गावाच्या खालच्या अंगाला, दगडी ताली घालून घळीपर्यंत उतरत गेलेल्या. घळीच्या पलीकडे टेकडीवर लाल कौलांची नवी वसाहत आहे आणि ती दर दोन-तीन वर्षांनी थोडी खाली सरकते. या बाजूला जी जमीन काही वर्षं पडीक दिसते, तिच्यावर एके दिवशी जमीन सरकारजमा झाल्याचा कागद चिकटवलेला सापडतो. रस्मिय्याच्या पायऱ्यांवर आजवर असा कागद आला नाही. तिथे वांगी असतात. ऐन झरीफची वांगी लांबट, पातळ सालीची, आणि रस्मिय्याची तर अशी की बाजारात बायका आधी त्यांना हात लावतात आणि मग भाव विचारतात. दिवस गेला की पाणी गेलं, पाणी गेलं की वांगी गेली, आणि वांगी गेली की पायऱ्या पलीकडून दिसायला लागल्या. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अशा गावात त्या वसंतात पेटी आली.

पेटी मदतीतून आली होती. कुठल्याशा दूरच्या देशातल्या भल्या लोकांनी ऐन झरीफला नळ्या, लोखंडी दार आणि पाणी आपोआप सोडणारी एक करडी पेटी दिली. ती बसवायला रामल्लाहून मुहन्नद नावाचा इंजिनियर आला. हा भला मुलगा, बूट पांढरे. पेटीवर सात बटणं होती, सात वारांची. एकेका बटणाला एकेक घराणं लावलं की झालं, असं त्याने अबू रुश्दीला समजावलं. अबू रुश्दी म्हणाला, आमचे दिवस आठ. मुहन्नद हसला. अबू रुश्दी हसला नाही, तेव्हा त्याने हसणं थांबवलं, पुस्तिका उघडली, चाळली आणि सांगितलं की पेटीला सातच येतात.

आता गावाने काय करावं? शहाण्या गावाने पेटी परत केली असती. ऐन झरीफने आठवडा दुरुस्त करायचं ठरवलं.

आठांतून एक कमी करायचा तर कोणता, याला फारसा विचार लागला नाही. शे-दीडशे माणसांच्या घराण्याला एक दिवस आणि एका म्हातारीलाही एक दिवस, हे आजवर कुणाला खटकलं नव्हतं; पेटी आल्यावर ते आठ दिवसांत सगळ्यांना खटकू लागलं. अबू रुश्दी परिषदेच्या दोघांना घेऊन तिच्याकडे गेला. तिने तव्यावरची भाकर उतरवली, तेल-झातर पुढे केलं. तो म्हणाला, तुझं पाणी काढून घेत नाही आहोत, रोज प्रत्येक घराणं आपल्यातून पाऊण तास तुला देईल. म्हणजे तुला रोज पाणी. विचार कर, रोज.

"मी काय उरलेली भाजी आहे," रस्मिय्या म्हणाली, "प्रत्येकाच्या ताटात थोडी थोडी वाढायला?"

"रस्मिय्या, जमाना बदललाय."

"बदलू दे. मी कुठे त्याला धरून ठेवलंय? मी फक्त शनिवारी हौदावर येणार आहे. त्यानंतर रविवारी. मग सोमवारी. जसा दिवस पडेल तशी."

अबू रुश्दीने भाकर खाल्ली, कारण ती चांगली होती, आणि पुढचं पाऊल टाकलं. त्याने चिलीला फोन लावला. निम्र आता ऐंशीचा, झुरैकांतला वयाने मोठा पुरुष. त्याच्या नातवाने मोबाइल धरला, निम्रने कान पुढे केला आणि सगळं ऐकून म्हणाला की बहीण थकली असेल, द्या सोडून दिवस, आणि तिला इकडे पाठवा. हे बोलणं अबू रुश्दीने आपल्या फोनमध्ये साठवलं आणि संध्याकाळी हौदाच्या वरच्या भिंतीवर बसलेल्या सगळ्यांना ऐकवलं. रस्मिय्याला ते कळायला आवाज खालच्या पायरीपर्यंत पोचण्याएवढा वेळ लागला.

त्या संध्याकाळी ती वांग्यांत बराच वेळ नुसती बसून होती. निम्रवर तिचा राग नव्हता. उलट फोनमधला तो आवाज आता त्यांच्या बापाचा झाला होता. पण तिचं तिलाच जाणवलं की गावात आता प्रत्येक जण तिच्याकडे जरा हळुवारपणे बघतोय. शौलींच्या सुनेने तर न मागता तिची पाटी उचलली. इतकी वर्षं गाव तिला घाबरून होतं. आता तिची कीव करत होतं. कीव करणाऱ्यांपुढे फावडं चालत नाही. कीव ही अशी गोष्ट की माणूस तिच्यात बसला की उठायला दुसऱ्याचा हात लागतो. रस्मिय्या स्वतःच उठली. तिला आजीने सांगितलेलं आठवलं.

आजी सांगायची की झुरैक या गावात सगळ्यांत शेवटी आले, हौरानहून, गाढवावर छिन्न्या आणि हातोडे लादून. त्या आधी गावात सातच घराणी होती आणि पाण्याचे दिवसही सातच. मोठ्या भूकंपात हौद फुटला तेव्हा तो बांधायला हे पाथरवट बोलावले, असं गाव सांगतं. आजीचं म्हणणं वेगळं होतं. हौद सातांना स्वतःलाही बांधता आला असता. पण त्या वेळी गावात रोज मारामारी होती आणि ती कशावरून होती ते रस्मिय्याला पक्कं ठाऊक होतं. आजी म्हणायची, आपल्याला दगड रचायला नाही ठेवून घेतलं, पोरी. आठवा दिवस हवा होता म्हणून ठेवून घेतलं.

सभा शुक्रवारी ठेवली, नमाजानंतर, हौदाकाठच्या तुतीखाली. शुक्रवारच का, तर सगळे पुरुष त्या दिवशी घरी असतात. एरवी अर्धं गाव पहाटे कामाला शहरात जातं. मुहन्नद पेटी मांडीवर घेऊन बसला होता, हातात चिकटपट्ट्या. एकेका बटणाखाली एकेका घराण्याचं नाव. हमदानांची त्या दिवशी पाळी होती, त्यामुळे त्यांचे दोघे जण दारं धरता धरताच सभेत डोकावत होते, गुडघ्यापर्यंत चिखल.

अबू रुश्दीने भाषण केलं. त्यात प्रगती होती, पाण्याचा थेंब होता, पुढची पिढी होती. निम्रचा फोन पुन्हा ऐकवला. मग त्याने रस्मिय्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. ती ओरडेल अशी तयारी ठेवून मागच्या रांगेतले थोडे मागे सरकले होते.

ती ओरडली नाही. "निम्र म्हणाला ते निम्रचं," ती म्हणाली. "हौदावर जो उभा नाही त्याचं मत हौदावर चालत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण चला, धरून चालू की तुमचे सात दिवस झाले. मला एवढंच बघायचंय, कुणाचं नाव कुठल्या बटणावर लागतं. शुक्रवार कुणाला?"

मुहन्नदने पट्टी फाडली आणि पेन सरसावलं. ते तसंच हवेत राहिलं.

कारण तोवर कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. आठ दिवसांच्या फेऱ्यात वार कुणाला चिकटत नाही. शुक्रवार आज हमदानांकडे, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडे, आणि आठ आठवड्यांत प्रत्येकाच्या घरून एकदा जातो. पेटीवर मात्र शुक्रवार एकदा चिकटला की चिकटला. शुक्रवारी मुलगे घरी, पुतणे घरी, दारं धरायला आठ हात. आणि रविवार ज्याला लागेल त्याच्या घरात म्हातारा, म्हातारी आणि कोंबड्या.

"शुक्रवार बदावींचा," बदावींचा वडीलधारा शांतपणे म्हणाला, जणू तो खिशातच होता. "झरा आमच्या बकरीने शोधला."

शौली म्हणाले की बकरीला काय, ती कुठेही तोंड घालते. रोमन लोक इथून गेले तेव्हा हौद आमच्या पूर्वजाच्या हवाली करून गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. हमदानांनी विचारलं, हवाली केल्याची पावती आहे का? खडक आमच्या खापरपणज्याने फोडला, छिन्नीचे घाव अजून दिसतात. कुणीतरी म्हणालं ते घाव नाहीत, तुझ्या खापरपणज्याच्या दातांच्या खुणा आहेत. मग इतिहास आवरेना. कोण कुठून आलं, कुणाची मुलगी कुणाला दिली, कुणाच्या खापरपणज्याने भूकंपाच्या वर्षी तुर्काच्या शिपायापुढे मान तुकवली, दोनशे वर्षांचं सगळं एका दुपारी तुतीखाली येऊन बसलं. मुहन्नदने तीनदा चिठ्ठ्या टाकण्याचा प्रस्ताव मांडला. तिसऱ्यांदा त्याच्या पांढऱ्या बुटावर कुणीतरी उभं होतं. एकाने सुचवलं, शुक्रवार दर महिन्याला बदलत ठेवू. त्यावर दुसऱ्याने विचारलं की मग आठ दिवसांनी काय वाईट होतं, आणि लगेच घाईने म्हणाला की तो आठवीच्या बाजूने बोलत नाही आहे, नुसतं विचारतोय. सूर्य घळीमागे गेला तेव्हा अबू रुश्दीचा घसा बसला होता, दोन भावक्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि सातपैकी एकाही बटणाखाली नाव नव्हतं. सभा तहकूब झाली. सात दिवसांचा ठराव रद्द झाला नाही, हेही खरं. 

दुसऱ्या दिवशी शनिवार. जुन्या मोजणीने झुरैकांचा. नव्या मोजणीने तो कुणाचाच नव्हता.

उजाडता उजाडता ती फावडं घेऊन उतरली. हौद रात्रभर भरून काठाला आला होता. नवं लोखंडी दार बसवलेलं, त्याला कुलूप. त्याच्या शेजारी जुनं दगडी तोंड, चिंध्या गुंडाळलेल्या दगडाने बंद केलेलं. कामाला निघालेले दहा-बारा जण वरच्या भिंतीशी रेंगाळले. आणि हौदाच्या पायरीवर अबू रुश्दी उभा होता, मफलर गुंडाळून. त्याला यावंच लागलं होतं. पाळीवाल्याने खाचा पाडलेली काठी हौदात बुडवायची आणि पाणी कितव्या खाचेला आहे ते आदल्या दिवसाच्या घराण्याने मोठ्याने सांगायचं, तेव्हाच दिवस एका हातातून दुसऱ्या हातात जातो. आदला दिवस हमदानांचा. त्याने खाच सांगितली तर आठवा दिवस आहे. नाही सांगितली तर नाही.

रस्मिय्याने काठी घेतली आणि पाण्यात उभी केली.

"सभा संपलेली नाही अजून," अबू रुश्दी बसलेल्या घशाने म्हणाला.

"मग संपवा. मी कुठे अडवलंय? मी पाण्याला आलेय."

"ठराव आहे, रस्मिय्या. निदान पेटीचा निकाल लागेपर्यंत..."

"पेटी शुक्रवार कुणाला देणार ते तिला ठरवू दे. खाच सांग."

अबू रुश्दीने मफलर सारखा केला.  रस्मिय्याने काठी तशीच धरून ठेवली. 

"चष्मा विसरलोय घरी," अबू रुश्दी म्हणाला.

"माझ्या दारावरून दिवसातून सहा वेळा जायचास तेव्हा लागत नव्हता चष्मा."

भिंतीवर एक जण हसला आणि लगेच थांबला. अबू रुश्दीचे कान लाल झाले. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, मुहन्नदच्या कुलपाकडे पाहिलं, वरच्या माणसांकडे पाहिलं, जे रविवारच्या बटणाला भिऊन रात्रभर झोपले नव्हते. मग पोट सावरत, दोन्ही गुडघे वाजवत तो काठाशी उकिडवा बसला.

"चौदा," तो म्हणाला.

"नीट बघ."

तो आणखी वाकला, इतका की मफलरचं टोक पाण्यात गेलं. "साडेचौदा," तो म्हणाला, आणि मग मान वर करून, घसा होता तेवढा सगळा वापरून, भिंतीपर्यंत जाईल असं: "झुरैकांचा दिवस. साडेचौदा खाचा."

रस्मिय्याने चिंध्यांचा दगड दोन हातांनी ओढला. पाणी तोंडातून बाहेर आलं, पाटात शिरलं आणि पहिल्या पायरीकडे धावत सुटलं. वरचे लोक कामाला निघाले, अबू रुश्दी उठून पाटाशी आला. ती फावडं खांद्यावर घेऊन पाण्याच्या पुढे निघाली होती, वळली आणि म्हणाली, "अबू रुश्दी, पाय काढ. पाटात उभा आहेस."